नाशिक–पुणे विमान : १७० किलोमीटरचा हिशेब

नाशिकचे विमानतळ ओझरला, पुण्याचे लोहगावला. ओझरचा विमान कारखाना १९६४ सालचा. लोहगावचा तळ त्याहून जुना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. दोन्ही धावपट्ट्या लष्करी विमानांच्या सोयीने आखलेल्या, प्रवाशांचा विचार तिथे फार उशिरा झाला. ओझर नाशिकपासून साधारण २० किलोमीटरवर आहे, आणि लोहगावला विमान कधी उतरवायचे-उडवायचे याचा शब्द अजूनही हवाई दलाचा चालतो.

या मार्गाची खरी गोष्ट २०१७ मध्ये लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेने सुरू होते. योजनेची ओळख झाली ती ‘तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये’ या वाक्याने. त्यातल्या ‘तासा’ने मोठा घोळ घातला. भाडे तासावर ठरणारच नव्हते, ते अंतरावर ठरणार होते, आणि अंतर म्हणजे दोन विमानतळांमधले सरळ अंतर. कमाल भाड्याच्या तक्त्यात १५१ ते १७५ किलोमीटरच्या टप्प्याला १,४२० रुपये होते, ७७६ ते ८०० किलोमीटरला ३,५००. ही मर्यादाही साधारण निम्म्याच आसनांना. बाकीची तिकिटे कंपनीने बाजारभावाने विकावीत, सवलतीच्या आसनांवरची तूट अनुदानातून भरून निघेल, अशी मांडणी होती.

ओझर आणि लोहगाव जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. विमान नाक दक्षिणेकडे करून निघाले की सुमारे १७० किलोमीटरवर लोहगाव. म्हणजे हा मार्ग तक्त्यातल्या अगदी तळाच्या टप्प्यात पडला. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करत जाणारा रस्ता मात्र २१० किलोमीटरच्या घरात जातो, आणि चाकणला अडकलेल्या माणसाला किलोमीटर मोजण्यात काही अर्थ उरत नाही.

माझ्या मते चूक इथेच झाली. विमानाला सर्वांत जास्त इंधन लागते ते उड्डाण करून वर चढताना. हा खर्च १७० किलोमीटरला टळत नाही, आणि लांबच्या पल्ल्यासारखा तो पुढच्या अंतरावर पसरतही नाही. अशा मार्गाला सर्वांत कमी भाडे लावणे कागदावर न्याय्य दिसते, पण कंपनीला तो मार्ग नकोसाच होतो.

वेळेचेही तसेच. हवेतला वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. तिकिटावर त्याहून जास्त छापतात, कारण तिथली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जाऊन थांबेपर्यंतची असते. त्यात ओझरपर्यंतचा रस्ता, तासभर आधीची हजेरी आणि लोहगावहून पुणे शहरात शिरण्याचा वेळ मिळवला की तीन तास होतात. मोटारीने साडेचार-पाच. दीड-दोन तास वाचतात, आणि सकाळी रुग्णालयाची वेळ घेतलेल्याला तेही पुष्कळ असतात. पण त्यासाठी विमान वेळेवर आणि रोज सुटायला हवे.

तेच झाले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये १९ आसनी विमानाने सुरू झालेली सेवा काही महिन्यांतच रखडत, रद्द होत गेली. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने मोठे विमान आणले. मार्च २०२० मध्ये देशभरची उड्डाणे दोन महिने थांबली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये डागडुजीसाठी लोहगावची धावपट्टी १४ दिवस पूर्ण बंद राहिली.

नाशिक–पुणे थेट रेल्वेचा पर्यायही हाती आला नाही, तिची आखणी नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडली.