हिवाळ्यात चिखलदऱ्याला येण्याआधी एवढं वाचा

नोव्हेंबर लागला की आमचा फोन वाजायला लागतो, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "धबधबे चालू आहेत ना?" स्पष्टच सांगतो, धबधबे पावसाळ्याचे. दिवाळीनंतर भीमकुंडाची धार बारीक होत जाते आणि मागचा काळा खडक उघडा पडतो. पाणीच पाहायचं असेल तर ऑगस्टात या, तेव्हाही खोली देऊ.

हिवाळ्यात इथली खरी मजा दिवस मावळल्यावर सुरू होते. गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. अमरावतीत साधा स्वेटर पुरतो, तेव्हा इथं कानटोपी आणि पायमोजे लागतात. सोबत लहान लेकरं किंवा म्हातारी माणसं असतील तर बुकिंग करतानाच सांगा, जास्तीची ब्लँकेटं काढून ठेवू.

संध्याकाळी अंगणात शेकोटी असते. डिसेंबरच्या अखेरीपासून हुरडा मिळतो, पण रोज मिळेलच असं नाही. खाली अचलपूरकडे आता ज्वारी फार कमी पेरतात, आणि दाणा दुधाळ असतो ते दिवसही थोडेच. कणसं गवऱ्यांच्या आरात खुपसायची, हिरवा रंग करपू लागला की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. हात भाजतात, पण थांबलात तर दाणा सुटत नाही. वर फुंकर मारून भुसा उडवला की शेंगदाण्याची चटणी नाहीतर गूळ. रात्रीच्या जेवणाला सोलेभात किंवा सोले-वांग्याची भाजी असते. तुरीचे हिरवे दाणे म्हणजे सोले. पुण्या-मुंबईचे पाहुणे हा वाटाणाच समजतात, म्हणून सांगितलं.

आम्ही डीजे लावत नाही. कुणी बाहेरून आणला तरी लावू देत नाही. एका ३१ डिसेंबरला आम्हीच मोठा साउंड भाड्यानं आणला होता. सकाळी शेजारच्या आजी म्हणाल्या, "रातभर गाय उभीच होती, बसली नाही." त्यानंतर कधी आणला नाही. हे मेळघाट आहे, १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प आपल्या उशाशी आहे. शेकोटीही अंगणातच पेटवायची, पॉइंटवर किंवा झाडीत नाही. वाळलेल्या पाल्याला ठिणगी पुरते.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात येऊ शकलात तर घुंगरू बाजार चुकवू नका. त्या दिवसांत मेळघाटातल्या आठवडी बाजारांना हेच नाव असतं. वर्षभर गावाची गुरं राखणारे थाट्या कमरेला घुंगरांचे पट्टे बांधून, ढोल-बासरीच्या तालावर दुकानादुकानांपुढे नाचतात आणि दुकानदार त्यांना दिवाळीची बोजारी, म्हणजे बक्षिसी, देतात. हा कार्यक्रम पाहुण्यांसाठी ठेवलेला नसतो. बाजार कुठल्या गावचा कुठल्या दिवशी ते आम्ही फोनवर सांगू, जीपनं नेऊ. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि बाजारातून काहीतरी विकत घ्या.

इथल्या कोरकू आदिवासींच्या गदली-सुसून नाचाबद्दलही बरेच जण विचारतात, "आज रात्री अंगणात करून घेता का?" ऐन वेळी नाही. मंडळी दिवसभर शेतात, मजुरीवर असतात. चार दिवस आधी सांगितलं आणि त्यांना जमलं तर ते येतात. मानधन ते सांगतील तेवढं, थेट त्यांच्या हातात. आम्ही त्यातून काही घेत नाही.

सगळ्यात मोठा हिवाळी मेळा मात्र डोंगराखाली भरतो. परतवाड्याहून बैतूल रस्त्यानं गेलं की बहिरम. २० डिसेंबर ते ३१ जानेवारी, चाळीस दिवसांच्या वर चालणारी यात्रा. देवाला लोणी आणि शेंदूर. देवळात दर्शन घ्या, पण जेवण सोडून परत येऊ नका. हंडीतलं मटण आणि गवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे यांच्यासाठी लोक लांबून येतात. शाकाहारी असाल तर वांग्याची भाजी, वरण आणि तूप घातलेला रोडगा. आमच्या घरी खरं तर हाच बेत जास्त आवडतो. रविवारी फार गर्दी होते, त्यामुळे मधल्या वारी जाऊ या.

गाविलगड थंडीतच चढावा, ऊन लागत नाही. १५ डिसेंबर १८०३ ला, म्हणजे याच दिवसांत, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. डोंगरातून तोफा ओढत नेऊन उत्तरेकडून तटाला खिंडार पाडलं होतं. त्या बाजूला उभं राहिलं की तोफा तिथवर कशा आणल्या असतील, हाच प्रश्न पडतो. पाणी सोबत घ्या. मुलांना कंटाळा आला तर परतीच्या वाटेवर मोथा गावात थांबू. हंगाम असेल तर तिथं शेतातली स्ट्रॉबेरी मिळते, आणि गवळ्यांकडचा खवा मिळतो.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री उल्कावर्षाव असतो. आभाळ निरभ्र असेल आणि चांदणं नसेल तर आम्ही अंगणातले दिवे बंद करून बाज टाकून देतो. पहाटे दोनला उठवायचं का, ते झोपण्याआधी सांगून ठेवा.

येताना घाट उजेडात चढा. परतवाड्याहून दुपारी चारच्या आत निघालात तर संध्याकाळचा चहा इथंच होईल. उशीर झाला तर परतवाड्यातच थांबा आणि आम्हाला कळवा, खोली दुसऱ्या दिवसावर टाकू. त्याचे पैसे कापत नाही.