हाउंड्स ऑफ लव्ह : कोठारात निवांत शिजलेला अल्बम

२०२२ ला नेटफ्लिक्सवरच्या स्ट्रेंजर थिंग्ज मालिकेचा चौथा सीझन आला आणि अर्ध्या जगाने ‘हे गाणं कोणाचं’ म्हणून शोधाशोध केली, त्यात मीपण होतो, लपवून काय करू. ते होतं ब्रिटिश गायिका केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’. १९८५ मध्ये ते ब्रिटनच्या चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत जाऊन थांबलं होतं, ते ३७ वर्षांनी पहिल्या नंबरला गेलं. गाणं आता पोराटोरांनाही माहितीये, पण ते ज्या अल्बमचं पहिलं गाणं आहे तो ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ कसा झाला ती गोष्ट मला गाण्याइतकीच भारी वाटते.

केट बुश ही डॉक्टरांची मुलगी, आई आयरिश नर्स, लंडनच्या कडेला वेलिंग म्हणून भाग आहे तिथल्या जुन्या फार्महाउसमध्ये वाढली. घराशेजारच्या कोठारात एक जुनं ऑर्गन पडलेलं असायचं, आपल्या पायपेटीच्या जातकुळीतलं, त्यावर ही लहानपणी तासन्‌तास बसायची. हे कोठार लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

शाळेत असतानाच तिची गाणी पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिलमोरच्या कानावर गेली, त्याने स्वतः पैसे घालून डेमो (नमुना रेकॉर्डिंग) करून दिले, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने करार केला आणि १९७८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ‘वदरिंग हाइट्स’. स्वतः लिहिलेलं गाणं स्वतः गाऊन ब्रिटनमध्ये एक नंबरला जाणारी ती पहिली बाई. १९७९ ला एक टूर केली आणि मग स्टेज जवळपास सोडलंच.

त्याच सुमारास गायक पीटर गॅब्रिएलमुळे तिला फेअरलाइट भेटला. हे ऑस्ट्रेलियात बनलेलं मशीन, कीबोर्ड, स्क्रीन आणि स्क्रीनवर टेकवायचं पेन, आणि किंमत म्हणाल तर तेवढ्यात छोटंसं घर झालं असतं. कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि पट्ट्यांवर वाजवायचा. १९८० च्या ‘बाबूष्का’मध्ये काचा फुटल्याचा आवाज आहे ना, तो असाच. आज हे मोबाइलवर फुकटात होतं म्हणून त्याचं काही वाटत नाही.

मग १९८२ चा ‘द ड्रीमिंग’. पहिल्यांदाच पूर्ण प्रोडक्शन एकटीचं, लंडनमधले एकाहून एक मोठे स्टुडिओ, आणि स्टुडिओचं भाडं तासावर. म्हणजे रिक्षा सिग्नलला उभी आणि मीटर पळतंय, तसं. तुम्ही एखादा सूर हुडकत बसलात तरी बिल चालूच. अल्बम तिसऱ्या नंबरपर्यंत गेला पण आधीच्यांइतका खपला नाही, कंपनी नाराज, ही दमून गेलेली. (मला स्वतःला तो अल्बम आवडतो, पण सलग ऐकला की डोकं गरगरतं हेही खरं.)

यावर तिने जे केलं ते माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. १९८३ मध्ये त्याच फार्महाउसवर, त्याच कोठारात स्वतःचा स्टुडिओ बांधला. मीटर बंद! बॉयफ्रेंड डेल पामर, जो बास वाजवायचा, तोच रेकॉर्डिंगपण बघायला लागला आणि ‘रनिंग अप दॅट हिल’चा तो घोडदौडीसारखा ठेका त्यानेच लिनड्रम या ड्रम मशीनवर बसवला. आधी व्हायचं असं की घरी केलेल्या डेमोत जो जीव असायचा तो मोठ्या स्टुडिओत पुन्हा गाताना निसटायचा. आता तिने डेमो फेकलेच नाहीत, घरच्या आठ ट्रॅकच्या (म्हणजे आठ आवाज वेगवेगळे साठवणाऱ्या) मशीनवर केलेलंच चोवीस ट्रॅकच्या मशीनवर घेतलं आणि त्याच्यावरच थर चढवत गेली. आवाजातला तो कच्चा ताण टिकलाय तो यामुळे, असं मला वाटतं.

कंपनीला पहिलं सिंगल (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) ‘क्लाउडबस्टिंग’ हवं होतं, ती ‘रनिंग अप दॅट हिल’वरून हटली नाही. त्याच्या नावावर मात्र तिला माघार घ्यावी लागली, गाण्याचं मूळ नाव ‘अ डील विथ गॉड’, देव नावात असला तर काही देशांतले रेडिओवाले लावणार नाहीत अशी भीती कंपनीने घातली.

सप्टेंबर १९८५ ला अल्बम आला आणि मॅडोनाच्या ‘लाइक अ व्हर्जिन’ला हटवून एक नंबर झाला. पहिल्या बाजूला पाच गाणी आणि त्यातली चार सिंगल. रेकॉर्ड उलटली की मात्र वेगळंच प्रकरण, ‘द नाइन्थ वेव्ह’, सात गाण्यांची एकच गोष्ट. रात्री समुद्रात एकटी पडलेली बाई, लाइफ जॅकेटवर मिणमिणता दिवा, झोप आवरत नाही आणि झोपली तर संपलं. मग भास सुरू होतात, बर्फाखाली अडकल्याचा, चेटकीण ठरवून खटला चालल्याचा, घरी भूत होऊन गेल्याचा. मध्येच ‘जिग ऑफ लाइफ’मध्ये आईकडच्या मुलखातली, डब्लिनला रेकॉर्ड केलेली आयरिश वाद्यं एकदम उसळतात, नंतर ‘हॅलो अर्थ’मध्ये जॉर्जियाच्या लोकगीताचा कोरस, आणि तिथे मला दरवेळी काटा येतो. पॉप स्टारने अर्धी रेकॉर्ड अशा गोष्टीला द्यायची हे तासाचं भाडं मोजत बसलं असतं तर जमलं असतं का, मला तरी वाटत नाही.

ही बाजू स्टेजवर यायला २०१४ उजाडलं. ३५ वर्षांनी तिने लंडनला हॅमरस्मिथमध्ये २२ शो केले. त्यासाठी पाण्यातला भाग आधी टाकीत शूट केला, आणि गाताना आवाज खरा वाटावा म्हणून ती पाण्यात तरंगत लाइव्ह गायली, इतका वेळ की पहिल्याच दिवशी तिला सौम्य हायपोथर्मिया (थंडीने अंगातली ऊब घटणं) झाला. एक दिवस सुट्टी घेतली आणि परत टाकीत उतरली.