रश्श्याला मांडीच कशाला पाहिजे?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात निम्मी गिऱ्हाईकं एकच सांगतात, "मांडीचं द्या, हाडं कमी घाला." सुक्क्याला ठीके, पण रश्श्याला मान, खांदा, सीना आणि नळी यांना तोड नाही आणि हा नुसता चवीचा प्रश्न नाहीये, त्यामागे साधी केमिस्ट्री आहे.

बोकड दिवसभर चालतं, मान खाली-वर करत चरतं, त्यामुळे मानेच्या, खांद्याच्या, पायाच्या खालच्या भागातल्या स्नायूंत कोलॅजन जास्त. कोलॅजन म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारं प्रोटीन, कच्चं असताना दोरखंडासारखं चिवट. कमरेकडचे स्नायू त्यामानाने आरामात असतात, म्हणून चापा पटकन होतात.

आता गंमत बघा. मटण तापायला लागलं की 50 अंशांच्या पुढे स्नायूंमधली प्रोटीन्स आवळायला लागतात, 65-70 च्या आसपास तर अजून घट्ट होतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. पण कोलॅजन मात्र अजून विरघळलेलं नसतं, त्याला 70 च्या वर पाण्यात बराच वेळ मिळाला तरच ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. म्हणून अर्धवट शिजलेलं मटण सगळ्यात वातड लागतं, अशा वेळी गॅस बंद न करता अजून शिजवायचं. पायाचं सूप फ्रिजमध्ये थिजतं ते याच जिलेटिनमुळे, आणि रश्श्याला ओठ चिकटतील असा जो दाटपणा येतो तोही त्याचाच, मांडीच्या निव्वळ मांसातून तो तितका येत नाही. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण 120 अंशांना उकळतं त्यामुळे हे काम लवकर उरकतं. जनावर जून असेल तर कोलॅजनच्या धाग्यांमधले जोड पक्के झालेले असतात, शिट्ट्या वाढवाव्याच लागतात.

कलेजीत कोलॅजन नगण्य, तिला कुकरला लावणं म्हणजे गुन्हाच! तव्यावर परतायची, आतला लालपणा गेला की उतरवायची, नाहीतर रबर.

मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावतात, तिच्यातलं पपेन हे एन्झाइम प्रोटीनच तोडतं पण ते आत फार खोल जात नाही, जास्त वेळ लावून ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतलं तसंच. खिम्याला तर तीही नको, धागे मशीननेच तुटलेले असतात, तेव्हा खिमा बिनधास्त मानेचा घ्या.