पुरानंतरची घरातील बुरशी

पुराचे, गळतीचे किंवा फुटलेल्या पाइपाचे पाणी घरात शिरून गेल्यावर भिंती, लाकूड, कापड आणि कागद यांवर वाढणारी बुरशी. ॲस्परजिलस, पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम या तिच्या नेहमी आढळणाऱ्या प्रजाती. बीजाणू हवेत बाराही महिने असतात, खोळंबा असतो तो ओलीचा. वस्तू भिजल्यापासून २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. पुष्कळदा ठिपके दिसायच्या आधी कुबट वास येतो.

महाराष्ट्रातली खरी अडचण ही, की इथे पूर ऐन पावसाळ्यात येतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा पावसाचे दोन महिने अजून बाकी होते. बाहेरची हवाच दमट असेल तर खिडक्या उघड्या टाकून भिंत वाळत नाही. त्यामुळे ‘दारे-खिडक्या उघडा’ हा सल्ला कोकणात अर्धाच खरा. उघडीप मिळाली की सगळे सताड उघडावे, सर आली की बंद करून पंखे लावावेत (वायरिंग तपासून घेतल्यावरच), एसी असेल तर ‘ड्राय’वर ठेवावा. सांगलीत गणित वेगळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी कित्येक दिवस हटले नाही, म्हणून भिंती आतपर्यंत मुरल्या. पण तिकडे मुळात पाऊस कमी, त्यामुळे वाळवायला ऊन तरी मिळते.

भिंत पुराच्या खुणेच्या वरपर्यंत पाणी ओढते. चिखलाची रेघ कमरेइतकी असली तरी ओल तिच्याही वर चढलेली असते, आणि सिमेंटच्या गिलाव्यावर ऑइल पेंट असेल तर ती आतच कोंडते. रंग फुगून पापुद्रे सुटतात ते यामुळेच. अशा वेळी रंग खरवडून भिंत उघडी करणे भाग असते. सणासुदीच्या घाईत ओल्या भिंतीवरच नवा हात मारला, तर तो खर्च बहुधा पाण्यात जातो. भिंत वाळली का हे पाहण्याची साधी रीत अशी: फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून ठेवावे, दुसऱ्या दिवशी आतून दंव धरले असेल तर रंगाऱ्याला थांबवावे. भिंतीवरची पांढरी भुकटी मात्र दर वेळी बुरशी नसते. लोणा, म्हणजे विटा-गिलाव्यातून वर आलेला क्षार, पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. बुरशी विरघळत नाही.

साफसफाईत पहिला क्रम गाळाचा. तो वाळून घट्ट व्हायच्या आत धुऊन काढावा. नाकाला एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेत. बुरशी कोरड्या कुंच्याने झाडू नये, बीजाणू घरभर उडतात. ओल्या फडक्याने पुसावी. फरशी, काच, धातू साबणाच्या पाण्याने घासून मग ब्लीचने पुसता येतात (घरगुती द्रव ब्लीच लिटरला सुमारे ६० मिलिलिटर). ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो. सच्छिद्र वस्तूंत ब्लीच खोलवर पोचत नाही. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते. म्हणून नुसती मारून भागत नाही, ती काढावीच लागते. सागवानी कपाट पुसून, सावकाश वाळवून वाचते. फुगलेले प्लायवुड आणि पुरात भिजलेली कापसाची गादी टाकून द्यावी, कितीही जिवावर आले तरी. गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळल्या तर चालतात.

ओल व बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे त्रास वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवले आहे. रंगावरून धोका ठरत नाही. भिंतीवरचा काळा थर म्हणजे कोविडच्या काळात ‘ब्लॅक फंगस’ म्हणून गाजलेला म्युकरमायकोसिस नव्हे. तो आजार वेगळ्या गटातल्या बुरशींमुळे, मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना होतो. दमेकरी आणि लहान मुलांना मात्र साफसफाई होईपर्यंत दुसरीकडे ठेवणे बरे.

भिजलेली पुस्तके व दस्तऐवज लगेच वाळवता येत नसतील, तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतात. गोठल्यावर बुरशीची वाढ थांबते; मग सवडीने थोडी थोडी बाहेर काढून, पानांत टिपकागद घालून पंख्याखाली वाळवतात.