साताऱ्याचे प्रतिसरकार

‘छोडो भारत’ आंदोलनातून जुन्या सातारा जिल्ह्यात उभी राहिलेली आणि १९४३ ते १९४६ या काळात चाललेली समांतर राज्यव्यवस्था. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग येत असे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर, कराड, पाटण, सातारा, वाई, कोरेगाव अशा तालुक्यांत या सरकारचे गट काम करत होते. गावांच्या गणतीत एकमत नाही. दीडशेच्या वर गावांत पूर्ण कारभार होता असे एक मत आहे, तर काही जण प्रभावाखालची गावे सहाशेच्या पुढे नेतात. क्रांतिसिंह नाना पाटील हे या सरकारचे सर्वमान्य पुढारी.

१९४२ च्या लढ्यात देशात इतरत्रही अशी सरकारे स्थापन झाली. उत्तर प्रदेशात बलियाला चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखालचे सरकार काही दिवसांतच मोडले. बंगालमधील मिदनापूरचे ताम्रलिप्त जातीय सरकार डिसेंबर १९४२ पासून १९४४ पर्यंत टिकले. सातारा त्याहून जास्त काळ टिकला. हे बंदुकांच्या जोरावर झाले असे मानले, तर प्रतिसरकारचा निम्मा अर्थ हातचा जातो. बंदुका त्यांच्याकडे मोजक्याच होत्या. त्यांनी हातात घेतल्या त्या गावातल्या सत्तेच्या जागा: तंट्याचा निवाडा, सावकाराचे कर्ज, धान्याचे वाटप आणि लग्नाचा मांडव.

पार्श्वभूमी

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे काम सातारा जिल्ह्यात खेड्यापाड्यांपर्यंत पोचले होते. सत्यशोधकी जलसे गावोगाव होत. तमाशाच्या बाजाने रचलेल्या या खेळांत सावकारी, भिक्षुकशाही आणि कुलकर्ण्याच्या दप्तरातली लबाडी यांवर कोरडे ओढले जात. १९१९–२१ च्या सुमारास अनेक गावांत कुळांनी ब्राह्मण जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला, भटजीविना लग्ने लावली. कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू झाली ती याच हवेत. सत्ता कागदात, कर्जात आणि मंत्रात कशी लपते, हे या भागातल्या शेतकऱ्याला ब्रिटिशांशी दोन हात करण्याआधीच उमगले होते.

१९३० च्या कायदेभंगात ही माणसे काँग्रेसकडे वळली. शिराळा तालुक्यातील बिळाशीचा जंगल सत्याग्रह त्याच वर्षीचा. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील (जन्म ३ ऑगस्ट १९००) यांनी तलाठ्याची नोकरी सोडली तीही तेव्हाच. सरकारचा सातबारा लिहिणारा माणूसच पुढे त्या सरकारला पर्याय उभा करतो, यात योगायोग फारसा नाही. रयतेची कुठली कामे चावडीवर अडतात आणि कुणाचा हात ओला केल्यावर सुटतात, हे तलाठ्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? धिप्पाड अंग, भरघोस मिशा आणि रोजच्या बोलीतले घणाघाती भाषण यांमुळे ‘नाना आलाय’ एवढ्या निरोपावर वाड्यावस्त्या जमत.

मोर्चांपासून भूमिगत चळवळीपर्यंत

मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी ठराव झाला आणि पुढारी पकडले गेले. साताऱ्यात लोकांनी तालुका कचेऱ्यांवर मोर्चे नेले. २४ ऑगस्टला कराडचा मोर्चा झाला, ३ सप्टेंबरला तासगावचा. तिथवर माणूस मेला नव्हता. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीसमोर पोलिसांनी गोळ्या घातल्या. हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला. निःशस्त्र मोर्च्याने कचेरी हाती येणार नाही, हे त्या दोन दिवसांत स्पष्ट झाले. पुढचे काही महिने तारा तोडणे, चावड्या जाळणे, रेल्वे अडवणे यांत गेले आणि १९४३ मध्ये त्यातून संघटित कारभार आकाराला आला.

पैसा आणि शस्त्रे कशी मिळवली, याच्या हकिकती आजही गावागावांत सांगितल्या जातात. ७ जून १९४३ ला शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवण्यात आली. १४ एप्रिल १९४४ ला खानदेशात चिमठाण्याजवळ धुळ्याचा सरकारी खजिना हस्तगत झाला. साडेपाच लाखांच्या आसपासची ती रक्कम होती. जी. डी. (बापू) लाड आणि नागनाथ नायकवडी हे त्यात आघाडीवर होते, आणि खानदेशातल्या कार्यकर्त्यांची साथ नसती तर ते शक्य झाले नसते. तुफान सेना ही प्रतिसरकारची सशस्त्र शाखा. कुंडल हे तिचे मुख्य ठाणे. वाई-सातारा भागात किसन वीर यांचा गट होता. १९४४ मध्ये त्यांनी पांडू मास्तरांसह येरवड्याच्या तुरुंगातून पलायन केले. त्याआधी जुलै १९४३ मध्ये वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला होता. त्यात दादांना गोळी लागली.

कुंडलचे ठिकाण मोक्याचे होते, कारण ते ब्रिटिश मुलखात नव्हते, औंध संस्थानात होते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना देऊन पंचायतींकडे कारभार सोपवला होता. सातारा जिल्ह्याच्या अंगाखांद्यावर औंध, सांगली, मिरज, जत, फलटण अशी संस्थाने विखुरलेली होती. ब्रिटिश पोलिसांच्या पाठलागाला दर दहा-वीस मैलांवर हद्द आडवी यायची. डोंगर, ऊस आणि संस्थानांच्या हद्दी या तिन्हींनी भूमिगतांना आडोसा दिला.

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी उतारवयात सांगितलेली एक हकीकत इथे द्यायला हवी. भवानीनगरच्या पोलीस चौकीतल्या बंदुका हव्या होत्या. हौसाताईंनी चौकीसमोरच्या रस्त्यावर सोंग केले: नांदायला न जाणारी बाई आणि तिला बडवणारा पुरुष. मारणाऱ्याचे काम करणाऱ्या साथीदाराने मार खराखुरा दिला, डोक्यात दगड घालतो म्हणून दगडही उचलला. सोडवायला पोलीस बाहेर धावले, तोवर बाकीच्यांनी चौकीतल्या बंदुका उचलल्या. बायकोला, बहिणीला मारणे ही बघ्यांना इतकी सवयीची गोष्ट होती, की त्या सोंगावर कुणालाच संशय आला नाही. शस्त्रांसाठी पोर्तुगीज गोव्याशीही संधान होते. तिथे पकडल्या गेलेल्या बाळ जोशी या साथीदाराला तुरुंगात चिठ्ठी पोचवायला हौसाताईच गेल्या, अंबाड्यात ती लपवून. आणि परतताना रात्री एका लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी पार केली. लढ्याच्या नोंदींत बायकांची नावे तुरळक सापडतात. भाकरी बांधून देणे, निरोप नेणे, घरात फरारी लपवणे हे काम रोजचे होते आणि त्याची शिक्षा घर जप्त होण्यापर्यंत जात होती. नाना पाटलांच्या कुटुंबाने ती भोगली.

न्यायदान, सावकारी आणि लग्ने

प्रतिसरकारचा गाभा इथे आहे. गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढे बांधाचे भांडण, गहाणवट, सोडून दिलेल्या बायकोची पोटगी, चोरी, दारूची भट्टी असे सर्व प्रकारचे तंटे येत. रात्री देवळात किंवा मळ्यात पंच बसत, दोन्ही बाजू समोरासमोर बोलत, गावकरी ऐकत आणि निकाल तिथल्या तिथे लागे. वकील नाही, स्टॅम्प नाही, तालुक्याला हेलपाटे नाहीत. वर्षानुवर्षे मुन्सफ कोर्टात लोंबकळणारे दावे लोकांनी आपण होऊन काढून इकडे आणले. ब्रिटिश सत्तेला याहून मोठा तडाखा कुठलाच नव्हता: कोर्ट उघडे होते आणि माणसे येत नव्हती.

शिक्षा दंडाची असे, जाहीर माफीची असे, बहिष्काराची असे. खबरे, दरोडेखोर, बायकांवर अत्याचार करणारे आणि मुजोर सावकार यांना तळपायांवर काठीने बडवत. जनावरांच्या खुरांना पत्री ठोकतात तशी माणसांनाही ठोकतात, असा बोलबाला झाला आणि ‘पत्री सरकार’ हे नाव त्यातून पडले. फटके बव्हंशी काठीचेच होते. पण दहशत पसरली ती पत्रीची, आणि प्रतिसरकारने ती फारशी खोडूनही काढली नाही. हा न्याय कठोर होता. अपील नव्हते, आणि चुकून एखाद्या निरपराध्याचे पाय फुटले तर दाद मागायला जागा नव्हती. तरीही गावकऱ्यांनी तो आपला मानला, कारण पंच त्यांच्या ओळखीचे होते आणि निवाड्यासाठी कुणी लाच मागत नव्हते. सावकारांकडून गहाणखते परत मिळवून दिली गेली. युद्धकाळातल्या टंचाईत साठेबाजांचे धान्य बाहेर काढून वाजवी दराने वाटले गेले. डोंगराळ भागात दरोडेखोरांच्या टोळ्या भूमिगतांचे नाव सांगून लूटमार करत, त्यांचा बंदोबस्तही प्रतिसरकारलाच करावा लागला. पोलीस त्या बाबतीत उदासीन होते.

गांधी विवाह हा या क्रांतीचा सांस्कृतिक चेहरा. हुंडा नाही, मानपान नाही, भटजी नाही; खादीचे कपडे, सुताचे हार, पुढाऱ्याचे भाषण आणि शपथ. एकेका मांडवात अनेक जोडपी उभी राहत. लग्नाच्या कर्जापायी जमीन सावकाराच्या घरात जाते, हे ओळखूनच खर्चावर घाव घातला होता. स्वतः जी. डी. बापूंनी १९४५ मध्ये कुंडलला याच पद्धतीने लग्न केले आणि पकड वॉरंट असतानाही हजारो लोक त्या लग्नाला जमले. सत्यशोधकांनी सत्तर वर्षांपूर्वी जी पद्धत घातली, तिला इथे राज्यसत्तेचे पाठबळ मिळाले. राजकीय क्रांती आणि सांस्कृतिक क्रांती अशा दोन वेगळ्या चुली मांडून प्रतिसरकारचा इतिहास लिहिता येत नाही.

समारोप आणि मर्यादा

१९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी भूमिगतांना हजर होण्याचा सल्ला दिला. मिदनापूरच्या सरकारने काम थांबवले. साताऱ्यातले बहुतेक पुढारी हजर झाले नाहीत. फेब्रुवारी १९४५ मध्ये शिराळ्याच्या डोंगरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग मारले गेले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि जवळजवळ चार वर्षे भूमिगत असलेले नाना पाटील लोकांसमोर प्रकट झाले.

जमिनीच्या मालकीला मात्र प्रतिसरकारने मुळातून हात घातला नाही. गहाण सोडवले, पण भूमिहीनाला जमीन मिळाली नाही. तुफान सेनेत नाना जातींचे तरुण होते. गावकारभार मात्र मुख्यतः मध्यम शेतकरी कुटुंबांच्याच हाती आला आणि दलित वस्तीची वेस तशीच राहिली. जानेवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर याच टापूत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ते प्रतिसरकारचे काम नव्हते, पण सत्यशोधकी असंतोषाचे माणसांविरुद्धच्या सूडात रूपांतर होऊ शकते हे त्यातून दिसले, आणि ती जखम पश्चिम महाराष्ट्राच्या इतिहासात आहे.

सत्ता ज्यांच्या हाती आली ते सगळे एका वाटेने गेले नाहीत. १९४२ मध्ये कराड भागात भूमिगत राहून काम केलेले यशवंतराव चव्हाण १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. वसंतदादाही पुढे मुख्यमंत्री झाले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये सातारा आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. नायकवडींनी वाळव्याच्या साखर कारखान्याला हुतात्मा किसन अहिरांचे नाव दिले. भुईंजच्या कारखान्याला किसन वीरांचे, कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापूंचे नाव आहे. भूमिगत गटांनी उभे केलेले गावागावांतले संबंध सहकाराच्या उभारणीत कामी आले आणि त्याच कारखान्यांभोवती पुढे नवी मिरासदारीही तयार झाली. त्या मिरासदारीला प्रश्न विचारणारेही याच परंपरेतून आले: नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून कृष्णा खोऱ्यातल्या १३ दुष्काळी तालुक्यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली, आणि तिच्या पाणी परिषदा आटपाडीला, जुन्या औंध संस्थानच्याच मुलखात, भरत राहिल्या.