चुली मोजून कुटुंब कळत नाही

‘एकत्र कुटुंब संपलं, पाश्चात्त्यांच्या नादाला लागून आपण विभक्त झालो’ हा मजकूर दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास राहणाऱ्यांना तो लगेच पटतो. वाडे पडून फ्लॅट झाले, आणखी कसला पुरावा हवा? समाजशास्त्राच्या पहिल्या तासाला मी हाच मजकूर फळ्यावर लिहिते आणि विचारते, तुमच्या कुटुंबात कोण कोण?

इथेच गोंधळ सुरू होतो. एका मुलीच्या घरी वरच्या मजल्यावर थोरले काका, खाली ती आणि तिचे आईबाबा. गॅस दोन, गौरी-गणपती एकच आणि लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर. जनगणनेच्या हिशेबात ही दोन कुटुंबं, कारण तिथे निकष एकाच स्वयंपाकघरात जेवण्याचा. घरी राहून जेवणारी कामवाली त्यात मोजली जाते, पुण्याच्या हॉस्टेलमधला मुलगा नाही. सुतक मात्र त्याला लागतं, तिला नाही. लग्न झालेली मुलगी सुतकाच्या हिशेबात सासरची. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मात्र भावाइतकीच वाटेकरी. रक्ताचं म्हणाल, तर 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेतलं आणि तो बडोद्याचा महाराजा सयाजीराव झाला.

आता माझा आवडता भाग. घर ही स्थिर वस्तू नाही, तिला चक्र असतं. समजा, एका जोडप्याला तीन मुलगे. रीत अशी, की पुढच्याचं लग्न झालं की आधीचा वेगळी चूल मांडतो आणि धाकटा आईवडिलांजवळ राहतो. तिघांची लग्नं झाल्यावर घरं तीन, त्यांतलं एकत्र एकच. आईवडील गेले, की एकही नाही. मग प्रत्येकाच्या मोठ्या मुलाचं लग्न होऊन सून आली, की तिन्ही पुन्हा एकत्र. म्हणजे एकत्र घरांचं प्रमाण 33 टक्के, शून्य, मग 100 टक्के. रीत एका अक्षराने बदललेली नाही. मोजणारा कोणत्या वर्षी दारात उभा राहिला, एवढाच फरक!

त्यात आयुर्मान मिसळा. स्वातंत्र्याच्या सुमारास ते सरासरी 32 वर्षांच्या आसपास होतं. बालमृत्यूंमुळे हा आकडा खाली ओढला जातो हे खरं, पण नातसून बघायला आजी जिवंत असणं तेव्हा आजच्याइतकं सोपं नव्हतं. तीन पिढ्या एका छताखाली यायच्या, तर तिन्ही जिवंत हव्यात. बडोद्यातच शिकलेल्या समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी मध्य गुजरातेतल्या राधवाणज गावची 1825 ची घरांची नोंद तपासली, तर लहान घरं तेव्हाही भरपूर होती. तेव्हा ना टीव्ही होता, ना मोबाइल. (वास्तुतज्ज्ञ म्हणवणारे काहीजण चूल चुकीच्या दिशेला असल्याने भाऊ वेगळे होतात असं सांगून फी घेतात. त्यांच्या मते सगळं राधवाणज चुकीच्या दिशेला असावं.)

बडोद्याच्या विद्यापीठात शिकवलेल्या आय. पी. देसाईंनी सौराष्ट्रातल्या महुव्याचा अभ्यास करताना छतापेक्षा नात्यातल्या व्यवहाराकडे पाहिलं: मिळकत सामायिक आहे का, एकमेकांची जबाबदारी कोण घेतं. ती कसोटी ऐकून दोन गॅसवाली ती मुलगी तासानंतर म्हणाली, “मॅडम, काकांच्या बायपासचे पैसे बाबांनीच भरले. आता आम्हाला विभक्त लिहू की एकत्र?” मी तिला दोन्ही रकाने भरायला सांगितले, पण प्रत्येकासमोर कसोटी कोणती तेही लिहायला लावलं.