बॅकअपची हार्ड डिस्क: खोक्यावर जे लिहिलेलं नसतं

दुकानात गेल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो हा: "कुठल्या कंपनीची हार्ड डिस्क टिकते?" फिरत्या चकत्यांच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर चौथं-पाचवं कुठलंही नाव असलं, तरी आतली डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. त्यामुळे कंपनीवरून टिकाऊपणा ठरवायला फारसा वाव नाही. तो दुसऱ्याच गोष्टींवरून ठरतो.

आधी आकडे पाहू. हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात "सरासरी आयुष्य १० लाख तास" असं छापलेलं असतं. हिशेब केला तर वर्षाला शंभरातली एकसुद्धा डिस्क जाऊ नये. नेमका आकडा ०.८८ टक्के येतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांतल्या सुमारे लाखभर डिस्कच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. बॅकब्लेझ ही ऑनलाइन साठवण पुरवणारी अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते. तिचं २०२४ चं प्रमाण १.५७ टक्के होतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत मोठा फरक असतो, हेही त्या तक्त्यांत दिसतं. मात्र या सगळ्या डिस्क वातानुकूलित खोलीत, जागच्या जागी, चोवीस तास चालणाऱ्या आहेत. तुमची डिस्क पिशवीतून फिरणार, पलंगावर पडणार, आठवड्यातून एकदा चालू होणार. तिला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. एवढं मात्र नक्की, की कुठलीही घेतली तरी दर वर्षी शंभरातल्या काही जाणारच, आणि त्यांत तुमची असेल का हे आधी कळत नाही. म्हणून आमचं ठाम मत: एक महागडी "भरवशाची" डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, निदान वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या, म्हणजे एकाच सदोष खेपेतल्या दोन्ही हाती यायच्या नाहीत.

बाह्य हार्ड डिस्क दोन आकारांत मिळते. खिशात मावणारी २.५ इंची डिस्क यूएसबी केबलवरच चालते. टेबलावर ठेवायची ३.५ इंची मोठी असते आणि तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. लाइट गेली की मोठी डिस्क लिहिता लिहिता बंद पडते, आणि छोटी लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहते. जिथे वीज भरवशाची नाही तिथे एवढ्या एका कारणासाठी छोटी बरी. मोठी घ्यायचीच असेल तर तिचा अडॅप्टर यूपीएसला जोडा.

छोटीची अडचण वेगळी. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या चकतीची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावत असते. वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यावर हवेच्या थरावर तरंगतं, आणि मधलं अंतर असतं काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. डिस्क बंद असताना हेड चकतीबाहेरच्या उतारावर विसावलेलं असतं, तेव्हा ती बराच धक्का सोसते. फिरत असताना बसलेला धक्का मात्र चकतीवर ओरखडा उमटवू शकतो. डिस्क केबलला लटकत ठेवणं, मांडीवरच्या लॅपटॉपच्या कडेला ठेवणं, चालू असताना उचलून बाजूला सरकवणं, या सवयी कंपनीच्या नावापेक्षा कितीतरी जास्त डिस्क मारतात.

आता ज्याबद्दल खोक्यावर सहसा एक अक्षरही नसतं त्याकडे येऊ. चकतीवर माहिती वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिली जाते. जुन्या पद्धतीत पट्ट्या एकमेकींशेजारी, मध्ये थोडी जागा सोडून असतात. तिला सीएमआर म्हणतात. दुसरी पद्धत एसएमआर. तिच्यात प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीचा काही भाग झाकते, अगदी छपरावरच्या कौलांसारखी. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. पण पावसाळ्याआधी घर शाकारताना मधलं एक फुटकं कौल काढायचं तर त्यावर चढलेली कौलंही उचलावी लागतात. इथेही तसंच होतं. मधली एक पट्टी बदलायची तर तिच्या पुढचा सगळा गट पुन्हा लिहावा लागतो, आणि असा गट साधारण २५६ एमबीचा असतो. हे काम लांबणीवर टाकण्यासाठी डिस्क नवी माहिती आधी एका राखीव पट्ट्यात घेते आणि निवांत असताना जागेवर नेते. राखीव जागा भरली की सेकंदाला १०० एमबीने चाललेली कॉपी एकदम २०-३० वर किंवा त्याहूनही खाली येते. डिस्क बिघडली असं वाटतं. ती बिघडलेली नसते.

एक टीबी आणि त्यावरच्या बहुतेक छोट्या डिस्क आज एसएमआरच असतात. बॅकअपला त्या चालतात. मोठ्या फाइली एका दमात लिहायच्या आणि मग हात लावायचा नाही, याच कामाला त्या योग्य. कॉपी संपल्यावर मात्र लगेच केबल काढू नका. अर्धा तास तशीच जोडून ठेवा म्हणजे तिला आतली आवराआवर करता येते. त्यावरून प्रोग्रॅम चालवणं, व्हिडिओचं संपादन करणं किंवा अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड संचात ती बसवणं टाळा.

दुसरी न लिहिलेली गोष्ट म्हणजे आतली जोडणी. काही छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच डाखलेला असतो, संगणकाच्या आतल्या डिस्कला असतो तो नेहमीचा साटा सॉकेट आत नसतोच. असा सॉकेट सैल झाला तर डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालता येत नाही. त्यात काही मॉडेलं, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी, सगळी माहिती बोर्डावरच्या चिपमार्फत कूटबद्ध करूनच लिहितात. तिथे चिप जळाली की चकत्या धडधाकट असूनही वाचता येत नाहीत. याला उपाय म्हणजे साधी साटा डिस्क आणि वेगळं खोकं, म्हणजे एन्क्लोजर, विकत घेऊन जोडणं. चार स्क्रूंचं काम आहे. एन्क्लोजर बिघडलं तर तेवढंच बदलायचं.

मग एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, का नको? धक्क्याला ती सरसच आहे. पण तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठते, आणि तो भार हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठी चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचं मानक एवढंच मागतं, की लेखनाची ठरलेली मर्यादा संपलेली एसएसडी ३० अंश सेल्सिअसला, वीज न देता, एक वर्ष माहिती टिकवेल. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकवते. तरी दर आठवड्याला जोडणार असाल तर एसएसडी घ्या; लग्नाचे फोटो भरून पाच वर्षं खणात ठेवायचे असतील तर चकतीची डिस्क घ्या.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत "१६ टीबी" लिहिलेली डिस्क दिसली तर पुढे जा. खिशात मावणारी चकतीची डिस्क २०२४ मध्ये कुठे सहा टीबीपर्यंत पोचली. या नकली खोक्यांत बहुधा एक मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि चिप संगणकाला खोटा आकार सांगते. कार्ड भरलं की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात. यादीत सगळी नावं दिसतात, उघडायला गेलं की आत काही नसतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ ही मोफत साधनं पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतात आणि हे उघडं पाडतात.

आकार किती घ्यावा? आज जेवढी माहिती आहे तिच्या दुप्पट, कारण फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या असतात. दोन टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसते. ही फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या.

डिस्क घरी आणल्यावर लगेच माहिती भरू नका. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी चालू आहे का ते पाहा. (वॉरंटीत नवी डिस्क मिळते, गेलेली माहिती नाही.) मग "क्विक फॉरमॅट"ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. फॉरमॅटचा प्रकार निवडताना फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, मॅकच्या टाइम मशीन या बॅकअप सोयीसाठी एपीएफएस. दोन्हीकडे चालणारी एक्सफॅट सोयीची खरी, पण तिच्यात बदलांची आगाऊ नोंद ठेवली जात नाही, त्यामुळे लिहिताना केबल निघाली तर नुकसान जास्त होतं. दोन टीबीच्या फॉरमॅटला पाच-सहा तास लागतात. या वेळेत चकतीचा प्रत्येक कोपरा एकदा लिहून होतो, आणि कच्ची जागा असेल तर ती परत करायची मुदत असतानाच उघड होते.

त्यानंतर विंडोजवरच्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कच्या स्वतःच्या नोंदी बघा. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे बाद करून बदललेले भाग, १९७ म्हणजे संशयित भाग, १९८ म्हणजे वाचताच न आलेले भाग. नव्या डिस्कमध्ये तिन्ही शून्य हवेत. (आकडे सुरुवातीला सोळाच्या पटीतल्या (हेक्साडेसिमल) अंकलेखनात दिसतात, सेटिंगमध्ये बदलता येतात.) १९९ वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीचा. पुढे दर महिन्याला हे चार आकडे पाहा. पहिल्या तिघांतला एकही शून्यावरून हलला तर त्याच दिवशी माहिती दुसरीकडे हलवा. मात्र सगळे शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गेलेल्या डिस्कपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त डिस्कनी कुठलीच सूचना दिली नव्हती.

डिस्क जोडताच टक-टक आवाज येतो आणि ती दिसते-जाते, असं झालं तर आधी केबल बदला. छोटी डिस्क फिरायला लागताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास प्रवाह मागते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने अर्धाच देतो, यूएसबी ३ चा ०.९. लांब, स्वस्त केबल किंवा चार वस्तू लावलेला हब मध्ये आला की व्होल्टेज पडतं. छोटी, जाड केबल लावून डिस्क थेट संगणकाला जोडा. तरीही आवाज येत राहिला तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहणं, दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवणं, फ्रीझरमध्ये ठेवणं, यातलं काहीही केलं तर उरलेली माहितीही जाऊ शकते.

कोकणातल्या, गोव्यातल्या पावसाळ्यात डिस्क झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिला गाळणी लावलेलं एक बारीक भोक असतं आणि दमट हवा त्यातून आत जाते. एसीच्या थंड खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क तासभर पिशवीतच राहू द्या, म्हणजे तिच्यावर दव धरणार नाही.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कवर रॅन्समवेअरही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) पोचतं आणि चुकीने दिलेला "डिलीट"ही. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी हवी: बहिणीकडे, गावी, ऑफिसच्या कुलपात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत होती. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्कची अदलाबदल करा, आणि त्या वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी संगणकावर वीसेक फाइली उघडून पाहा: एक मोठा व्हिडिओ, एक जुना फोटो, हिशेबाची एक शीट. डिस्कवर चिठ्ठी चिकटवून खरेदीचा महिना आणि शेवटच्या बॅकअपची तारीख लिहा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं साधन, लावलं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घरातल्या आणखी एका माणसाच्या ताब्यात द्या.